चार टर्मिनलं, एक ड्राइव्ह

गेल्या उन्हाळ्यात घरातली जुनी पत्रं आणि फोटो स्कॅन करून एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर भरत होतो. लिनक्सवर चार टर्मिनलं उघडी होती. एकात कॉपी चालू, दुसऱ्यात फाइलींची नावं बदलणं, तिसऱ्यात मोजदाद. चौथं मागे कुठेतरी दडलेलं. काम संपल्यावर ड्राइव्ह सोडवायला 'यूमाउंट' दिलं, तर उत्तर आलं, 'टार्गेट इज बिझी'. समोरच्या तिन्ही टर्मिनलांत काहीच चालू नव्हतं. मग 'फ्यूजर' ही कमांड चालवली. तिने ड्राइव्ह अडवणाऱ्या प्रोसेसचा क्रमांक दाखवला, नाव 'बॅश' (म्हणजे टर्मिनलात चालणारा शेल), आणि शेजारी एकच अक्षर: सी. म्हणजे करंट डिरेक्टरी. चौथं टर्मिनल ड्राइव्हवरच्या एका फोल्डरात नुसतं उभं होतं. तिथे 'सीडी' देऊन बाहेर आलो आणि ड्राइव्ह सुटला.

अनेक टर्मिनलं आणि माउंट केलेला ड्राइव्ह यांच्या नात्याचं मर्म त्या एका अक्षरात आहे. ड्राइव्ह माउंट केल्याची नोंद शेलकडे नसते, कर्नलकडे असते. एका टर्मिनलात माउंट केलेला ड्राइव्ह एरवी सगळ्या टर्मिनलांना दिसतो आणि ते टर्मिनल बंद केलं तरी तो माउंट झालेलाच राहतो. शेलचं स्वतःचं असतं ते एवढंच, की आपण आत्ता कुठे उभे आहोत.

ही रचना बेल लॅब्जमधली. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी 1969 पासून घडवलेल्या युनिक्समध्ये सगळ्या फाइली एकाच झाडावर असतात आणि नवी डिस्क त्या झाडाच्या एखाद्या फांदीवर बसवली जाते. नोव्हेंबर 1971च्या पहिल्या युनिक्स मॅन्युअलमध्ये 'माउंट' आणि 'यूमाउंट' दोन्ही आहेत. 'अनमाउंट'मधला एक 'न' तेव्हापासून गळलेला आहे, तो आजही परत आलेला नाही.

टर्मिनलं अनेक असली की आणखी एक घोटाळा होतो. एक शेल रिकाम्या फोल्डरात उभा आहे आणि दुसऱ्यातून आपण त्याच फोल्डरावर ड्राइव्ह माउंट केला. दुसऱ्यात फाइली दिसतात, पहिल्यात फोल्डर रिकामंच! ड्राइव्ह बिघडलेला नसतो. पहिला शेल अजून खालच्या, झाकल्या गेलेल्या फोल्डरात उभा असतो. पूर्ण पाथ देऊन पुन्हा 'सीडी' केलं की फाइली दिसतात. तसं न करता तिथे काही लिहिलं, तर ते ड्राइव्हऐवजी संगणकाच्या मूळ डिस्कवर जातं.

प्रत्येक प्रोसेसला वेगळं झाड दाखवण्याची सोयही आहे. 2002 साली लिनक्स 2.4.19मध्ये माउंट नेमस्पेस आले. 'अनशेअर' कमांडने उघडलेल्या शेलात केलेलं माउंट बाहेरच्या टर्मिनलांना दिसत नाही. आजचे कंटेनर याच पायावर उभे आहेत. विंडोजमध्येही असंच काहीसं दिसतं: मॅप केलेल्या नेटवर्क ड्राइव्हचं अक्षर लॉगऑन सेशनला बांधलेलं असतं. म्हणून साध्या विंडोत दिसणारा 'झेड' ड्राइव्ह, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या विंडोत अनेकदा गायब असतो. व्हिस्टापासून या दोन विंडोंची सेशनं वेगळी झाली.

रोजच्या कामात काही सवयी लावून घ्याव्यात. काय कुठे माउंट आहे ते 'फाइंडएमएनटी' या कमांडने बघावं. कायमची नोंद 'एफएसटॅब' फाइलीत करताना डिस्कचं नाव न लिहिता यूयूआयडी लिहावा, कारण 'एसडीबी'सारखी नावं पुढच्या बूटला बदलू शकतात. ड्राइव्ह अडला तर 'यूमाउंट'ला 'एल' हा पर्याय जोडण्याची घाई करू नये. त्याने ड्राइव्ह झाडावरून लगेच दिसेनासा होतो, पण उघड्या फाइली तशाच चालू राहतात आणि खरी सुटका त्या बंद झाल्यावरच होते.

कॉपी संपल्याचं दिसलं तरी शेवटचा डेटा काही काळ मेमरीतच असतो. ठरलेल्या सेटिंगप्रमाणे साधारण 30 सेकंद. 'यूमाउंट' तो सगळा डिस्कवर उतरवूनच परत येतं. त्याला वेळ लागतो तो यासाठीच. म्हणून एवढंच सांगणं आहे: प्रॉम्प्ट परत येईपर्यंत केबलला हात लावू नका. आजीच्या पत्राची दुसरी प्रत कुठेच नसते.