अडसर मोडला तेव्हा

जत्रेच्या फडात एखादी कुस्ती अशी लागते, की पाहणाराचा जीव मेटाकुटीला येतो. एक गडी पट काढतो, ढाक मारतो, घामाने निथळतो. दुसरा मात्र पालथा पडून मातीला घोरपडीसारखा चिकटून राहतो. स्वतः डाव करायचा नाही आणि समोरच्याला करू द्यायचा नाही. घड्याळाचा काटा सरकतो, लोक आरडाओरडा करतात, म्हातारी माणसे कपाळाला हात लावतात. आणि वेळ संपता संपता पहिल्या गड्याने त्याला उपसून चीत केले, की मग काय विचारता! फेटे उडतात, अनोळखी माणसे एकमेकांच्या गळ्यात पडतात.

अशीच एक कुस्ती २५ मे १९६७ रोजी पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे झाली. फक्त ती हातांनी नव्हे, पायांनी झाली. लिस्बन म्हणजे साडेचारशे वर्षे जिथून गोव्याचा कारभार हाकला गेला, तेच शहर. तिथल्या राष्ट्रीय मैदानावर युरोप कप या फुटबॉल स्पर्धेचा शेवटचा सामना होता. आज ‘चॅम्पियन्स लीग’ म्हणून दूरदर्शन संचावर रात्री उशिरापर्यंत पोरे जी पाहत बसतात, तिचेच हे जुने नाव. एका बाजूला इटलीच्या मिलान शहराचा इंटर हा संघ, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंडच्या ग्लासगो शहराचा सेल्टिक. खेळाडूंविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आपण आज मुख्यतः त्यांच्या पाठीराख्यांची हकिकत पाहू, कारण खरी मौज तिथेच आहे.

ही पाठीराखी माणसे कोण? त्यासाठी थोडे मागे, आणि तेही बटाट्याच्या शेतात जावे लागते. खेड-मंचरकडच्या बटाटेवाल्यांना ‘उशिरा येणारा करपा’ काय करतो ते सांगायला नको. आज संध्याकाळी हिरवेगार दिसणारे रान चार दिवसांत काळे पडते आणि जमिनीतला बटाटा कुजतो. हाच रोग १८४५ साली आयर्लंडमध्ये शिरला. तिथल्या गरीब कुळांचे पोट जवळजवळ एकट्या बटाट्यावर चाले. औषध ठाऊक नव्हते, दुसरे पीक हाताशी नव्हते, आणि खंड तर भरावाच लागे. पुढच्या चार-पाच वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने आणि साथीने मेली. जवळपास तितकीच देश सोडून गेली. त्यातली पुष्कळशी समुद्र ओलांडून शेजारच्या ग्लासगोत आली आणि गोदीत, कोळशाच्या खाणीत, लोखंडाच्या कारखान्यांत मिळेल ते काम करू लागली. वस्ती दाटीची, रोजगार बेभरवशाचा. शिवाय ही माणसे कॅथलिक आणि भोवतालचा समाज बहुतेक प्रोटेस्टंट, त्यामुळे दुजाभाव होताच.

त्या वस्तीत वॉलफ्रिड नावाचे एक धर्मबंधू शिक्षक होते. तेही मूळचे आयर्लंडचेच. उपाशी पोर शिकत नाही हे त्यांनी ओळखले होते. एका पेनीत गरम जेवण देण्याची सोय त्यांनी मुलांसाठी केली. पण त्यालाही पैसा लागतो. फुटबॉलचा संघ काढावा, तिकिटे लावावीत आणि त्या पैशांतून पोरांना जेवू घालावे, या विचाराने १८८७ साली त्यांनी सेल्टिक संघाची स्थापना केली. पंगतीसाठी काढलेला संघ! पुढे तो फार मोठा झाला, धंदाही झाला. परंतु लोकांच्या मनात तो आपल्या पंगतीचाच राहिला. संघ हरला तर त्या वस्त्यांत सोयरसुतक पडल्यासारखे वाटे ते यामुळे.

जाता जाता सांगायला हवे, की या संघाकडून एक भारतीयही खेळून गेला आहे. कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगचा महंमद सलीम १९३६ साली ग्लासगोला गेला आणि सेल्टिकसाठी दोन सामने खेळला. बूट न घालता, पायांना पट्ट्या गुंडाळून! संघाचे प्रशिक्षक खाली वाकून त्याच्या पायांना पट्ट्या बांधीत आहेत असे छायाचित्र आजही पाहायला मिळते. गोऱ्या साहेबाचे राज्य असतानाचे ते छायाचित्र आहे, हे ध्यानात घ्या.

आता १९६७ कडे येऊ. सेल्टिकचे व्यवस्थापक होते जॉक स्टीन. तरुणपणी कोळशाच्या खाणीत राबलेला माणूस. स्वतः प्रोटेस्टंट, आणि सेल्टिकचे व्यवस्थापक झालेले पहिलेच प्रोटेस्टंट. त्यांच्या संघातही दोन्ही पंथांची मुले होती. लिस्बनला उतरलेले अकराच्या अकरा खेळाडू ग्लासगोपासून तीस मैलांच्या आत जन्मलेले होते. म्हणजे पंधरा कोसांतली पोरे! आज एकेका संघात दहा देशांचे खेळाडू विकत घेतलेले असतात; तेव्हा ही गोष्ट आपल्यालाच नव्हे, युरोपातल्या लोकांनाही दंतकथेसारखी वाटते. स्पर्धा सुरू झाल्यापासूनच्या अकरा वर्षांत हा कप स्पेन, पोर्तुगाल आणि इटली या तीन देशांबाहेर गेला नव्हता.

इथवर पोहोचतानाही त्यांनी लोकांचा जीव टांगणीला लावला होताच. मार्च महिन्यात युगोस्लाव्हियाच्या व्होयव्होदिना संघाशी बरोबरी सुटत नव्हती. अगदी शेवटच्या मिनिटाला कप्तान बिली मॅकनील याने डोक्याने चेंडू आत घातला आणि पुढचा रस्ता मोकळा झाला. ज्यांनी तो प्रसंग पाहिला होता, त्यांनी लिस्बनला जायचे तेव्हाच ठरवले असणार.

पण जायचे कसे? ग्लासगो ते लिस्बन अंतर रस्त्याने अडीच हजार किलोमीटरांहून अधिक. मध्ये समुद्र, मग फ्रान्स, मग स्पेन. त्यात ब्रिटिश सरकारने चलन वाचवण्यासाठी तेव्हा नियम केला होता, की परदेशी जाणाऱ्याने खर्चाला ५० पौंडांहून जास्त परकीय चलन नेऊ नये. यातल्या पुष्कळांना तेवढे तरी कुठे परवडत होते म्हणा! तरीही बारा हजारांच्या आसपास माणसे गेली असा अंदाज सांगतात. कोणी विमानाने, कोणी आगगाडीने, कोणी लहानशा मोटारीत चौघे-पाच कोंबून. आपल्याकडे वारीला निघताना जशी दिंडी असते तशा मोटारींच्या रांगा हिरवी-पांढरी निशाणे लावून दक्षिणेकडे निघाल्या. सामन्याचा दिवस ख्रिस्ती पंचांगातला सणाचा होता. पुष्कळांनी सकाळी लिस्बनच्या चर्चमध्ये प्रार्थना केली आणि मग मैदान गाठले.

समोरचा इंटर संघ साधासुधा नव्हता. १९६४ आणि १९६५ असे लागोपाठ दोनदा त्याने हा कप जिंकला होता. त्याचे गुरू एलेनियो हेरेरा आणि त्यांची खेळण्याची रीत ‘कातेनाच्चो’. या इटालियन शब्दाचा अर्थ दाराची कडी किंवा अडसर. जुन्या वाड्याच्या दरवाजामागे भिंतीतून सरकवायचा तो जाडजूड लाकडी अडसर आठवा. एक गोल करायचा, मग अडसर सरकवायचा आणि दाराआड बसून राहायचे. बचाव करणाऱ्यांच्या मागे आणखी एक गडी मोकळा ठेवायचा. कोणी आत घुसलाच तर त्याने निपटायचे. हे सोपे काम नाही, त्यालाही शिस्त आणि अक्कल लागते. पण पाहणाऱ्याला त्यात काही गोडी वाटत नाही, हेही तितकेच खरे.

सामन्याआधी दोन्ही संघ बोगद्यात शेजारी शेजारी उभे होते. इंटरचे खेळाडू उंचेपुरे, उन्हाने तांबूस झालेले, निळ्या-काळ्या पट्ट्यांत एखाद्या चित्रपटातल्या नटांसारखे. सेल्टिकची पोरे बुटकी, पांढरीफटक. काहींच्या तोंडात पुढचे दातही नव्हते. कवळ्या काढून त्यांनी गोलरक्षक रॉनी सिम्प्सन याच्या टोपीत ठेवायला दिल्या होत्या, म्हणजे जिंकल्यावर छायाचित्रासाठी पटकन तोंडात घालता याव्यात! एवढ्यात बर्टी ऑल्ड याने आपल्या संघाचे गाणे मोठ्याने सुरू केले आणि बाकीच्यांनी सूर धरला. इटलीवाले पाहतच राहिले.

सातव्याच मिनिटाला घात झाला. सेल्टिकच्या क्रेगने इंटरच्या खेळाडूला पाडले असे पंचांनी ठरवले, पेनल्टी दिली आणि माझ्झोलाने गोल केला. झाले, अडसर सरकला. त्यानंतर तासभर जे चालले ते म्हणजे बंद दारावर धडका. सेल्टिकचे फटके दोनदा आडव्या दांडीला लागून परत आले. बाकीचे सार्ती नावाच्या गोलरक्षकाने अडवले. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. त्या दिवशी तो माणूस भिंत झाला होता, त्याचे कौतुक सेल्टिकवाले आजही करतात. गॅलरीतल्या लोकांचे काय झाले असेल याची कल्पना करा. परमुलखात, उन्हात, खिसा रिकामा, घसा बसलेला. आणि गंमत अशी, की हळूहळू लिस्बनचे लोकही सेल्टिकच्या बाजूने ओरडू लागले. त्याला कारणही होते: दोनच वर्षांपूर्वी याच इंटरने लिस्बनच्या बेन्फिका संघाला अंतिम सामन्यात एका गोलने हरवले होते. माणूस जुने उट्टे विसरत नाही, मग तो कुठल्याही देशाचा असो.

६३ व्या मिनिटाला डावीकडून धावत आलेल्या टॉमी गेमेलने लांबूनच असा सणसणीत फटका मारला, की सार्तीचे काही चालले नाही. बरोबरी! आता इंटरचे गडी थकले होते. त्यांचाच बुर्ग्निच याने पुढे सांगितले आहे, की कप्तान पिकीने सार्तीला म्हटले, राहू दे आता, आज ना उद्या गोल होणारच आहे. दाराआड बसलेल्यालाही कंटाळा येतो म्हणायचा!

सामना संपायला सहा मिनिटे उरली होती. गेमेलने चेंडू मागे मर्डोकला दिला, मर्डोकने गोलाकडे मारला आणि वाटेत उभ्या असलेल्या स्टीव्ह चामर्स याने त्याला नेमकी दिशा देऊन आत ढकलले. लोक म्हणाले, नशीब. चामर्स जन्मभर सांगत राहिला, की नशीब नव्हे, हा डाव आम्ही सरावात पुन्हा पुन्हा घोटला होता. २–१. पंचांची शिट्टी झाली आणि खंदक, पोलीस काही न जुमानता माणसे मैदानात उतरली.

पुढचे सगळे जत्रेसारखे. कोणी खेळाडूंचे अंगरखे ओढतो, कोणी गुडघे टेकून रडतो, कोणी अनोळखी पोर्तुगीजाला मिठी मारतो. लेनॉक्स नावाचा खेळाडू मिठ्या सोडवीत उलट दिशेला, सिम्प्सनच्या गोलाकडे धावला, कारण टोपीतले दात कोणी आठवण म्हणून नेले असते तर कठीण होते! कित्येकांनी मैदानातल्या हिरवळीचे तुकडेच कापून घेतले. मातीसकट ढेकूळ रुमालात बांधून त्यांनी ते ग्लासगोला नेले आणि घरामागच्या बागेत लावले. ज्यांचे आजे-पणजे कुजलेली शेते सोडून शहरात आले होते, त्यांनी हातभर हिरवळ अडीच हजार किलोमीटरांवरून जपून आणावी, हे वाचून मला तरी गलबलून आले.

गर्दी इतकी झाली, की कप देण्याच्या चौथऱ्यापर्यंत संघ पोहोचूच शकला नाही. कप्तान मॅकनीलला पोलिसांच्या गराड्यात मैदानाबाहेरून वळसा घालून नेले. त्याने एकट्यानेच संगमरवरी चौथऱ्यावर उभे राहून कप उंचावला. पदके मागाहून मेजवानीच्या वेळी पेटीतून आणून दिली गेली. हरलेल्या हेरेरांनीही सेल्टिकचा विजय रास्त असल्याचे कबूल केले.

इकडे पाठीराख्यांचा हिशेब आता सुरू झाला. पैसे संपलेले, काहींची विमाने चुकलेली, काहींची तिकिटे हरवलेली. लिस्बनच्या ब्रिटिश वकिलातीसमोर घरी पाठवा म्हणणाऱ्यांची रांग लागली. एक किस्सा तर ग्लासगोत घरोघरी सांगतात, खरा-खोटा देव जाणे. एक गृहस्थ विजयाच्या भरात मित्रांबरोबर विमानात बसून घरी परतले. दारात बायकोने विचारले, “आणि मोटार कुठे आहे?” मोटार लिस्बनमध्येच होती, ती चालवतच ते तिकडे गेले होते.

दुसऱ्या दिवशी संघ ग्लासगोत उतरला. सेल्टिकचे मैदान लोकांनी गच्च भरले होते. सजवलेल्या लॉरीवर खेळाडू उभे, मधे तो मोठ्या कानांचा चांदीचा कप, आणि लॉरीच्या संथ फेऱ्या. गुलाल तेवढा नव्हता. त्या वर्षी या संघाने भाग घेतलेल्या पाचही स्पर्धा जिंकल्या. तसे त्यानंतर त्यांना युरोपात पुन्हा जमले नाही. १९७० साली ते परत अंतिम सामन्यापर्यंत गेले, पण हॉलंडच्या फेयेनूर्डकडून तिथे हरले.

लिस्बनहून आलेल्या त्या पोरांतली पुष्कळशी आता एकेक करून गेली. गेमेल २०१७ मध्ये गेला. मॅकनीलचा, दोन्ही हातांनी कप उंचावलेला पुतळा २०१५ साली मैदानाबाहेर उभारला गेला होता. २२ एप्रिल २०१९ रोजी तो वारला, तेव्हा लोकांनी त्या पुतळ्याच्या पायाशी हिरवे-पांढरे गळपट्टे, सदरे आणि फुले आणून ठेवली. ढीग चांगलाच वाढला होता. तो अजून तिथेच होता, तोच २९ एप्रिलला चामर्सही गेल्याची बातमी आली. माणसे घरून आणखी गळपट्टे घेऊन पुन्हा निघाली.