गोंदण, व्रण आणि ऊन

शेतात जन्म काढलेल्या आजीच्या हातावरचे गोंदण हिरवट दिसू लागले, की ते उन्हाने विटले असे आपण सहज म्हणतो. ही समजूत तपासून पाहू.

त्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. ती बहुतेक ठिकाणी जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड असते आणि तिच्या पेशी सतत झडतात. गोंदणाची सुई रंग त्याखाली, १ ते २ मिलिमीटर खोल, अंतस्त्वचेत सोडते. तेथील भक्षक पेशी रंगाचे कण गिळून बसतात. फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर दाखवून दिले, की अशी पेशी मेली की तिचे कण शेजारची नवी पेशी गिळते. म्हणून गोंदण जन्मभर टिकते.

आपल्याकडच्या जुन्या गोंदणातला रंग काजळीचा, म्हणजे कार्बनचा. कार्बन उन्हाने विटत नाही. मग हिरवट छटा कुठून येते? वरच्या त्वचेत निळ्या बाजूचा प्रकाश अधिक विखुरतो व परत फिरतो. तांबडा खोल जाऊन काजळीत शोषला जातो. हातावरच्या शिरा निळसर दिसतात, त्यामागेही असेच कारण आहे. आधुनिक टॅटूतील काही लाल-पिवळी रंगद्रव्ये मात्र उन्हात खरोखरच विघटन पावतात. काहींच्या बाबतीत उन्हात गेल्यावर तो भाग सुजतो, खाजतो.

काळे गोंदण त्वचेला उन्हापासून वाचवते का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. नाही वाचवत. मेलॅनिन हे त्वचेचे स्वतःचे रंगद्रव्य बाह्यत्वचेच्या पेशींत केंद्रकावर छत्रीसारखे पसरते. काजळी असते त्या पेशींच्या खाली. छत्री पायाखाली अंथरून उन्हात उभे राहण्यासारखेच ते!

व्रणाची अडचण वेगळी. तेथील मेलॅनिन बनवणाऱ्या पेशी नष्ट झाल्या असतील तर पांढरा डाग उरतो आणि तो लवकर भाजतो. पेशी उरल्या असतील तर त्या चेतवल्या जाऊन जास्त मेलॅनिन बनवतात. सावळ्या वर्णात हे वारंवार दिसते. नव्या व्रणावर ऊन पडत राहिले तर हा काळेपणा लांबतो. म्हणून निदान वर्षभर जपावे. खोल भाजल्याच्या व्रणात घर्मग्रंथीही उरत नाहीत, त्यामुळे तेथे घाम येऊन गारवा मिळत नाही. हात भाजलेली मुलगी दुपारच्या कवायतीला उभी असेल, तर अर्ध्या बाह्यांच्या गणवेशाचा नियम तिच्यापुरता बाजूला ठेवावा, असे आम्हाला वाटते.

सर्वांत भरवशाचे साधन कापडच. ते उजेडासमोर धरून पाहावे. जितका उजेड कमी दिसेल तितके चांगले. पातळ पांढरे सुती कापड भिजले की अतिनील किरण अधिक आत सोडते. क्रीमवर 'एसपीएफ ३०' लिहिलेले असते, म्हणजे त्वचा भाजणाऱ्या किरणांचा सुमारे तिसावा भाग आत जातो. पण ही मोजणी दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून केलेली असते. आपण लावतो त्याहून बरेच कमी! शिवाय दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे लागते. ओल्या जखमेवर किंवा ताज्या गोंदणावर क्रीम लावू नये, सैल कापडाने झाकावे. खोबरेल तेलाने व्रण मऊ राहतो, ऊन मात्र अडत नाही.

तिळावर गोंदवून घेऊ नये. त्याचा आकार किंवा रंग बदलला तर तो बदल शाईखाली दिसत नाही. आणि भाजल्याच्या जुन्या व्रणावर आठवडेच्या आठवडे न भरणारी जखम झाली, तर डॉक्टरांना दाखवावी. क्वचित तो कर्करोग असतो.