पॉलिश म्हणजे घट

हिंगोली जिल्ह्यात पॉलिश हा शब्द मोटारीच्या आधी हळदीला लागला. फेब्रुवारी-मार्चात काढलेली हळद शिजवायची, उन्हात खडखडीत वाळवायची आणि मग जाळीच्या लोखंडी ड्रममध्ये भरून फिरवायची. हळकुंडं एकमेकांवर आणि जाळीवर घासली जातात, वरची खरबरीत साल, बारीक मुळ्या, चिकटलेली माती भुकटी होऊन खाली पडते, आणि आतून गुळगुळीत, पिवळाधमक माल बाहेर येतो. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा तिचं नाव दूरवर गेलं. पण ड्रम फिरला की वजन उतरतं, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्याला घट म्हणतात. ड्रम जास्त फिरवला तर चमक वाढते आणि घटही वाढते. कुठे थांबायचं हे ज्याला कळतं, तो जाणता.

मोटारीच्या रंगाला पॉलिश मारणं हे याच जातीचं काम आहे. तरीही तिथे आपला समज अगदी उलटा असतो. पॉलिश करताना गाडीवर काहीतरी चढतं, रंगाला टॉनिक मिळतं, असं आपण धरून चालतो. एमएच ३८ ची, म्हणजे हिंगोलीचीच, गाडी दर दिवाळीला बफिंगला नेणारे माझे कितीतरी परिचित आहेत. हळदीच्या पोत्यामागे किती घट गेली याचा हिशेब तोंडपाठ असलेली ही माणसं गाडीची घट मात्र कधी विचारत नाहीत.

दरवाजाचा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाड असतो. त्यावर कारखान्यात एकावर एक थर बसतात. आधी गाडीचा अख्खा सांगाडा हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाने बसवलेला, गंज रोखणारा थर. त्यावर प्रायमर, मग खरा रंग, आणि सगळ्यात वर काचेसारखा पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळं मिळून १०० ते १५० मायक्रॉन भरतं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि आपल्या डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. त्यातला क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन. म्हणजे ज्या थरावर गाडीची सगळी झळाळी उभी आहे, तो केसापेक्षाही पातळ. ऊन सोसणारी द्रव्यंही याच थरात असतात. तो झिजला की खालच्या रंगाला छत्र राहत नाही.

पूर्वी असं नव्हतं, आणि आजच्या बऱ्याच चुका त्या पूर्वीतूनच आल्या आहेत. अमेरिकेत ओकलंड मोटारीच्या १९२४ च्या मॉडेलवर नायट्रोसेल्युलोज लॅकर लागलं आणि झटपट सुकणाऱ्या रंगांचं युग सुरू झालं. आपल्याकडे मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी प्रीमियर पद्मिनी किंवा पुढाऱ्यांची पांढरी ॲम्बॅसेडर, यांच्यावर क्लिअर कोट नव्हता. वरपासून खालपर्यंत रंगच. उन्हाने त्याचं वरचं कातडं मरायचं, हात फिरवला तर बोटाला खडूसारखी पूड लागायची. तेव्हा रबिंग कंपाउंड घेऊन ते मेलेलं कातडं घासून काढणं हाच उपाय होता, आणि तो योग्यही होता. फडक्याला रंग लागला तर काम नीट चाललंय असं समजायचं. डेंटिंग-पेंटिंगवाल्यांच्या दोन पिढ्या हे शिकल्या. १९८० च्या दशकापासून जगभर क्लिअर कोट रुळला, पुढे आपल्याकडेही आला. रंग बदलला, पण हाताची सवय तीच राहिली.

त्या सवयीची किंमत मी मोजलेली आहे. माझी पहिली गाडी लाल होती. एका वर्षी दसऱ्याच्या आधी ती दुसऱ्या गावच्या एका सेंटरवर बफिंगला दिली. मशीन बॉनेटच्या मधल्या उठावदार घडीवरून फिरत होतं, आणि पांढऱ्या पॅडवर हळूहळू गुलाबी छटा चढू लागली. मुलगा खुशीत म्हणाला, बघा किती घाण निघतेय. मीही खूश झालो. ती घाण नव्हती, माझ्या गाडीचा रंग होता. घडीवर, कंगोऱ्यावर मुळातच थर पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब तिथेच पडतो. क्लिअर कोट तिथे संपला होता. पुढच्या उन्हाळ्यात बरोबर त्या रेषेवर बोटभर रुंदीचा फिकट पट्टा उमटला. तो कुठल्याच डबीने गेला नाही. शेवटी अख्खं बॉनेट रंगवावं लागलं.

तेव्हापासून मी या कामाकडे बारकाईने पाहू लागलो. चमक म्हणजे काय, इथून सुरुवात केली. पृष्ठभाग सपाट असेल तर प्रकाश एका दिशेने परततो आणि त्यात आपला चेहरा दिसतो. ओरखडे असतील तर प्रकाश चारी दिशांना विखुरतो आणि रंग दुधी वाटतो. पॉलिश म्हणजे बारीक, मग त्याहून बारीक कणांनी घासत घासत ओरखड्यांच्या कडा उतरवणं. औंढा नागनाथ तालुक्यात लायगो-इंडिया प्रकल्प उभा राहतो आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या अशा वेधशाळांत ४० किलो वजनाचे, ३४ सेंटिमीटर व्यासाचे आरसे असतात, आणि त्यांचा पृष्ठभाग नॅनोमीटरच्याही अंशापर्यंत घासून सपाट केलेला असतो. तत्त्व तेच. ज्या जिल्ह्यात हळदीचा ड्रम फिरतो, त्याच जिल्ह्यात जगातले अतिशय गुळगुळीत आरसे येणार आहेत, या विचाराने मला फार आनंद होतो.

रात्री गाडी अंधारात उभी करून मोबाईलचा टॉर्च बॉनेटवर धरून पाहा. उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळं दिसतील. ती रस्त्यावर पडलेली नसतात, धुताना पडलेली असतात. आपली काळी माती पावसात चाकाला लोण्यासारखी चिकटते आणि उन्हात पिठासारखी उडते. अकोला-नांदेड मार्गावरून रोज जाणाऱ्या गाडीवर त्या मातीबरोबर खडीचा, म्हणजे बेसाल्टचा चुराही बसतो. हा चुरा क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण असतो. त्यावर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिशपेपर फिरवणं. सकाळी ऑफिसला निघताना झटकून घेतो ना आपण, तेच. वॉशिंग सेंटरवर एकाच बादलीतलं फडकं आधी चाकं पुसतं, मग दरवाजे, मग बॉनेट. डिझेलचा हात मारला की गाडी तासभर चमकते आणि त्याच तेलावर संध्याकाळपर्यंत दुप्पट धूळ बसते.

म्हणून पहिली निवड डबीची नाही, पाण्याची आणि फडक्याची आहे. आधी नुसतं पाणी मारून माती भिजवून वाहू द्यावी, घाई करू नये. मग दोन बादल्या घ्याव्यात, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडकं दर वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शाम्पूत बुडवायचं. वरून खाली यायचं आणि चाकांना वेगळं फडकं ठेवायचं. फडकं मायक्रोफायबरचं हवं. जुन्या बनियनची शिवण आणि पंच्याची कडक किनार रंगावर रेघ ओढते. कपड्यांच्या पावडरीतला क्षार मेण उतरवतो, रबर कोरडं करतो, म्हणून शाम्पू गाडीचाच घ्यावा.

आणि धुतल्यावर लगेच पुसावं. आपल्या बोअरच्या पाण्यात चुन्याचे, मॅग्नेशियमचे क्षार भरपूर. थेंब उन्हात वाळला की पाणी उडतं आणि पांढरं कडं मागे राहतं. ताजं असेल तर पाण्यात कालवलेल्या व्हिनेगरने निघतं, नंतर स्वच्छ पाण्याने धुवायचं. महिनाभर तसंच राहिलं तर ते रंगात रुतून बसतं. मे महिन्यात भर दुपारी गाडी धुऊ नये यामागचं कारण एवढंच आहे. पक्ष्याच्या विष्ठेचंही तसंच. ती आम्लयुक्त असते, तापलेल्या पत्र्यावर एका दिवसात ठसा उमटवते.

धुतल्यानंतर हाताच्या मागच्या बाजूने हलकेच रंग चाचपावा. खरबरीत लागला तर अजून काहीतरी चिकटलेलं आहे. ब्रेकमधून उडणारे लोखंडाचे कण रंगात रुतून गंजतात. त्यासाठी लोह काढणारं द्रावण मिळतं. फवारलं की दोन-तीन मिनिटांत पांढऱ्या गाडीवरून जांभळे ओघळ वाहू लागतात. वास उग्र असतो, पण पाहताना लहान मुलासारखं कुतूहल वाटतं. उरलेल्या कणांसाठी क्ले बार, म्हणजे कणकेच्या गोळ्यासारखी मऊ, चिकणमातीसारखी वडी. भरपूर ओलावा ठेवून ती फिरवायची. जमिनीवर पडली तर मोह न धरता फेकून द्यायची, कारण एक खडा पुरेसा असतो.

आता घासण्याचं. कारागीर जाणता आहे की नाही हे मी इथे ओळखतो. जाणता माणूस मशीन लावण्याआधी जाडी मोजण्याचं छोटं मीटर पत्र्यावर टेकवतो. दरवाजा ११५ दाखवत असेल आणि फेंडर ३००, तर फेंडर पूर्वी रंगवलेला आहे. एखाद्या जागी ८० दिसलं, तर तिथे आधीच कोणीतरी हात मारून गेलेलं आहे आणि तिथे कंपाउंड लावायचंच नाही. मग तो कंगोरे, प्लॅस्टिकच्या पट्ट्या टेपने झाकतो आणि दोन फूट चौकोनात आधी सगळ्यात सौम्य पॉलिश, सगळ्यात मऊ फोमच्या पॅडने करून पाहतो. त्याने भागलं तर कंपाउंडची डबी उघडतच नाही. नाही भागलं तर एक पायरी वर चढतो. सरळ गोल फिरणारं रोटरी मशीन जोरकस असतं, पटकन तापतं, नवख्या हातात ते रंग जाळतं किंवा उन्हात दिसणारे ढगाळ पट्टे सोडतं. फिरता फिरता डोलणारं ड्युअल ॲक्शन मशीन सावकाश चालतं, पण माफ करतं. घरी करायचं असेल तर हेच घ्या. आणि पत्र्यावर तळहात ठेवता येत नसेल तर त्या वेळी काम करू नका.

नख अडकेल इतका खोल ओरखडा घासून काढायच्या नादी लागू नये. तो हलका करावा आणि त्याच्यासोबत राहावं. मला हे पटायला वेळ लागला.

एक फसवणूक मात्र नीट ओळखून ठेवा. काही पॉलिशमध्ये तेल आणि सिलिकॉन एवढं असतं की ओरखडे भरून निघाल्यासारखे दिसतात. दोन-तीन धुण्यांत सगळं परत. म्हणून काम झाल्यावर एक कोपरा पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टॉर्चखाली दाखवायला सांगा. खरं काम असेल तर तसंच दिसेल.

यानंतर येतं ते संरक्षण. ब्राझीलच्या ताडासारख्या झाडाच्या पानावरून मिळणारं कार्नोबा मेण सगळ्यात जुनं. त्याची झळाळी ऊबदार असते, पण आपल्या उन्हात ते काही आठवड्यांचाच सोबती. कृत्रिम सीलंट काही महिने टिकतं. सिरॅमिक कोटिंग वर्षं काढतं. पाणी थेंब होऊन घरंगळतं, चिखल सहज सुटतो, हे त्याचे खरे गुण. मात्र नाइन एच हा शब्द ऐकून हिऱ्याची कठीणता डोळ्यांसमोर आणू नका. ते माप पेन्सिलीचं आहे. एच, दोन एच अशा वाढत्या कठीण पेन्सिली ठरावीक कोनात दाबून ओढायच्या आणि कुठली ओरखडा पाडते ते पाहायचं. एखाद-दोन मायक्रॉनचा हा थर हायवेवरच्या खडीपुढे टिकत नाही. खडीसाठी पारदर्शक फिल्म आहे, पीपीएफ. तिचे पूर्वज व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडांना लावले जात. ती १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगाइतकी किंवा त्याहून जाड. महाग आहे. माझ्या मते रोज नांदेड-वाशिम करणाऱ्याने पूर्ण गाडीऐवजी बॉनेट आणि पुढच्या बंपरला लावावी, बाकीच्यांनी चांगल्या सीलंटवर भागवावं. आणि ओरखड्यांवर कोटिंग केलं तर ओरखडेच काचेखाली बंद होतात, म्हणून हा क्रम कधीही उलटू नये.

येत्या खंडेनवमीला गाडीची पूजा जरूर करा. हळदीचा डाग उन्हात आपोआप विरतो. कुंकवातल्या रंगाचा तसा भरवसा नाही. तेव्हा स्वस्तिक बॉनेटऐवजी काचेवर काढा आणि झेंडूची माळ तारेत नाही, दोऱ्यात ओवा. बफिंगला गाडी देणार असाल तर किल्ली हातात द्यायच्या आधी विचारा, मीटर आहे का, किती मायक्रॉन भरतंय. उत्तर मिळालं नाही तर त्या दिवशी गाडी नुसती धुऊन घ्या आणि घरी या.