चिनी भाषेचा पहिला वर्ग स्वयंपाकघरात

सिंगापूरमधील बहुसंख्य नागरिक चिनी वंशाचे असले, तरी तेथील घराघरांतून मँडरिन मागे पडू लागली आहे. चिनी बोलींऐवजी मँडरिन रुजावी यासाठी ली कुआन यू यांनी १९७९ मध्ये मोहीम सुरू केली होती. प्रत्यक्षात २०२० च्या जनगणनेत ४८.३ टक्के रहिवाशांची घरातील प्रमुख भाषा इंग्रजी आढळली. मँडरिनचे प्रमाण २९.९ टक्के होते.

केवळ शाळेतील तासांवर ही भाषा येणे कठीण. ‘मा’ या एकाच उच्चाराचा अर्थ सुरानुसार आई, ताग, घोडा किंवा रागावणे असा बदलतो. हा फरक कानावर सतत पडावा लागतो. त्यासाठी वेगळी शिकवणी कशाला? पाने वाढताना भाताची वाटी ‘ई वान’, चॉपस्टिकची जोडी ‘ई श्वांग’ असे मोजत गेले, की संख्येनंतर येणारे मापवाचक शब्द मुलांच्या तोंडी आपोआप बसतात.

नात्यांचे शब्द तर घरातच शिकावेत. वडिलांचा थोरला भाऊ ‘बोबो’, धाकटा ‘शूशू’ आणि मामा ‘जिऊजिऊ’. इंग्रजीतील ‘अंकल’मध्ये हे तिघेही हरवतात. मराठी वाचकाला हे वेगळे सांगायला नको! लेखनाची घाई मात्र नको. चित्रलिपी सावकाश आली तरी चालते.