नव्या घराचा संडास : स्वस्त कोणता, महाग कोणता?

वसंतातल्या संध्याकाळी जमलेल्या श्रोत्यांपुढे संडासाचा विषय मांडावयाचा म्हणजे थोडा धीर करावा लागतो. काव्य, इतिहास, तत्त्वज्ञान हे व्याख्यानमालेचे नेहमीचे विषय. त्यांच्या पंक्तीस हे पान कोणी मांडले, असे कोणाच्या मनात आल्यास आम्ही त्यांस दोष देणार नाही. परंतु फैजपूरचे नाव घेतले की हा संकोच धरण्याचे कारण उरत नाही. १९३६ च्या डिसेंबरात पंडित जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली येथे राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. नंदलाल बोस यांच्या कल्पनेतून बांबूंचे देखणे नगर येथे उभे राहिले. राष्ट्रीय सभा खेड्यात गेली पाहिजे हा गांधीजींचा आग्रह होता, आणि गांधीजींच्या खेड्यात चरख्याइतकेच महत्त्व सफाईला होते. मैला उघडा टाकू नये, मातीआड करावा, म्हणजे घाणीचे खत होते, हे ते सांगत आले. तेव्हा आमचा विषय या गावाला परका नाही.

आज फैजपूरला नगरपालिका आहे, परंतु भोवतालचा यावल-रावेरचा प्रदेश अजून केळीच्या बागांचा आणि खेड्यांचाच आहे. शहरात नोकरी केलेली पुष्कळ मंडळी निवृत्तीनंतर आपल्या गावी, मळ्याच्या कडेला, नवे घर बांधतात. घराचा नकाशा हौसेने होतो. देवघर कोठे, ओटा कोठे, झोपाळा कोठे, सर्व ठरते. संडासाच्या वेळी मात्र गवंड्याला एवढेच सांगितले जाते, "एक मोठी टाकी खणून टाका, म्हणजे पुन्हा पाहावे लागणार नाही." आमचे म्हणणे थोडक्यात असे, की या एका वाक्यात खर्चही वाढतो आणि धोकाही वाढतो. स्वस्त संडास हवा असेल तर टाकीच्या आधी जमीन पाहावी आणि विटांच्या आधी पाणी मोजावे.

प्रथम ही टाकी, जिला आपण सेप्टिक टँक म्हणतो, करते काय ते पाहू. हे नाव इंग्लंडातील एक्झेटर गावी १८९५-९६ च्या सुमारास डोनाल्ड कॅमेरून याने रूढ केले. मैलापाणी टाकीत शिरले की संथ होते. जड भाग तळाशी बसतो, तेलकट व हलका भाग सायीसारखा वर तरंगतो, आणि मधले पाणी पलीकडच्या नळाने बाहेर पडते. तळाच्या गाळात हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू असतात. ते हा गाळ हळूहळू कुजवून कमी करतात. इतकेच टाकीचे काम. तिच्यातून बाहेर पडणारे पाणी निवळलेले दिसले तरी शुद्ध झालेले नसते. पटकी, विषमज्वर, कावीळ यांचे बीज त्यात जिवंत असू शकते. त्या पाण्याचे खरे शुद्धीकरण माती करते. यास्तव टाकीचे तोंड रस्त्याच्या उघड्या गटारात सोडणे म्हणजे आपल्या घरची घाण शेजाऱ्याच्या दारी नेऊन ठेवणे होय.

मोठ्या टाकीचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. आपल्या देशाच्या मानक संस्थेने पाच माणसांच्या कुटुंबासाठी जे माप दिले आहे ते सुमारे ५ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि पाण्याची खोली साडेतीन फूट, वर एक फूट मोकळी जागा, इतकेच आहे. त्यात सुमारे १२०० लिटर पाणी राहते. आता १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ८ फूट खोल टाकी घेतली, तर तिचा पोकळ भाग पहिलीच्या आठपटीहून अधिक भरतो. तेवढी माती खणायची, तेवढे बांधकाम करायचे, आणि पदरात काय पडले? गाळ उपसण्याची पाळी उशिरा येते, एवढेच. बाहेर पडणाऱ्या पाण्याचे काय करायचे हा प्रश्न जसाच्या तसा उरतो. कित्येकदा त्यावर तोडगा म्हणून टाकीचा तळ कच्चाच ठेवतात. मग ती टाकीही राहत नाही आणि चांगला शोषखड्डाही होत नाही.

आता जमिनीकडे वळू. आपल्या पूर्वजांनी गावाच्या जमिनीचे दोन भाग केले : पांढरी आणि काळी. वस्ती पांढरीवर, शेती काळीत. या वाटणीत मोठा शहाणपणा होता. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर बांधलेली भिंत तडकते, आणि भिजलेल्या काळीतून पाणी लवकर उतरत नाही. आता गावे वाढली, पांढरी अपुरी पडली आणि नवी घरे काळीत आली. पिकाला जी माती लक्ष्मी, तीच शोषखड्ड्याला अडचण.

म्हणून बांधकामाआधी एक साधी परीक्षा करावी. जेवढ्या खोलीवर पाणी जिरवायचे तेवढा, वीतभर रुंदीचा खड्डा घ्यावा. त्याच्या बाजू खरवडून काढाव्यात, तळाशी दोन इंच बारीक खडी घालावी आणि खड्डा पाण्याने भरून रात्रभर तसाच ठेवावा. ही रात्र चुकवू नये. वैशाखातली भेगाळलेली काळी घागरभर पाणी क्षणात गिळते आणि आपली फसगत करते. रात्रभर भिजली म्हणजे भेगा मिटतात आणि तिचे खरे स्वरूप कळते. दुसऱ्या दिवशी खडीवर सहा इंच पाणी भरून ते एक इंच उतरण्यास किती वेळ लागतो ते घड्याळ लावून पाहावे. अर्ध्या तासाच्या आत उतरले तर शोषखड्डा चालेल. अर्धा ते एक तास लागला तर टाकीच्या पाण्यासाठी एका खड्ड्याऐवजी खडी भरलेले लांब चर घ्यावेत. तासाहून अधिक लागला तर त्या थरावर भिस्त ठेवू नये. खाली पिवळी माती किंवा मुरूम लागतो का ते खणून पाहावे. तेही न लागल्यास जाणत्या अभियंत्याकडून वाळू-खडीचा गाळणथर करून घ्यावा.

जमीन पाणी घेते असे दिसले, तर लहान कुटुंबाला सर्वांत स्वस्त व सोयीची पद्धत टाकीची नसून दोन शोषखड्ड्यांची आहे. बिंदेश्वर पाठक यांनी १९७० पासून 'सुलभ'च्या द्वारे तिचा देशभर प्रसार केला. २०१४ साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानातही, ज्यात पात्र ग्रामीण कुटुंबाला १२,००० रुपयांचे साहाय्य ठरले, हीच पद्धत पुरस्कारिली गेली. संडासाच्या भांड्यातून निघालेली नाली पुढे इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी दुभंगते आणि दोन खड्ड्यांकडे जाते. एका वेळी एकच खड्डा वापरायचा, दुसऱ्याचे तोंड विटेने बंद ठेवायचे. खड्ड्याच्या भिंतीत विटांमध्ये फटी ठेवतात. त्यांतून पाणी व वायू मातीत शिरतात, म्हणून वायुनळीचीही गरज पडत नाही. तळ कच्चाच असतो. तीन फूट व्यासाचा आणि चार फूट खोल खड्डा पाच माणसांना अडीच-तीन वर्षे पुरतो. तो भरला की दुसरा उघडावा. पहिल्याला निदान दोन वर्षे विश्रांती मिळाली म्हणजे आतला मैला कोरड्या, दुर्गंधीरहित खतात पालटतो. ते खत फावड्याने काढून केळीच्या बुंध्याशी घालावे. कच्च्या खाण्याच्या भाज्यांना मात्र घालू नये.

काळ्या मातीत या खड्ड्याचे गणित कसे बसते? एक चौरस मीटर भिंतीतून वाळूमय जमिनीत दिवसाला सुमारे ५० लिटर पाणी जिरते. चिकण मातीत सुमारे १० लिटरच. हाताने पाणी टाकण्याच्या संडासात माणशी दिवसाला १० लिटर, म्हणजे पाच माणसांचे ५० लिटर होतात. वाळूत त्यासाठी एक चौरस मीटर पुरते. चिकण जमिनीत पाच लागतात. आपल्या तीन फुटी खड्ड्याची उपयोगी भिंत अडीच चौरस मीटरच्या आसपास भरते. मग काय करावे? खड्डा थोडा मोठा खणून विटांच्या बाहेर चारी बाजूंनी एक फूट जाडीची वाळू भरावी. आता पाणी वाळूच्या बाहेरच्या कडेवर पसरते, आणि ती कड जवळजवळ पाच चौरस मीटर होते. काम भागले! दहा लिटरची फ्लश टाकी बसवली तर मात्र पाच माणसे दिवसातून चार-चार वेळा दोर ओढून २०० लिटर पाणी सोडतील, आणि त्यासाठी २० चौरस मीटर भिंत हवी. तात्पर्य, काळीत संडास महाग करते ते पाणी. उताराचे भांडे बसवावे. त्याला दीड-दोन लिटर पाणी पुरते. न्हाणीचे व मोरीचे पाणी या खड्ड्यात मुळीच सोडू नये. मोरीच्या पाण्यावर अळू, कर्दळ आणि केळी लावण्याची आपली जुनी रीत काय वाईट होती?

बांधताना भिंतीच्या बळकटीकडेही पाहावे. देहूचे डॉ. मापुसकर, ज्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली, त्यांनी गावात आरंभी बांधवलेले संडास पावसात खचले आणि लोकांचा रोष त्यांना सोसावा लागला. त्यांनी हार न मानता पद्धत बदलली आणि गाव संडासयुक्त केले. भिजलेल्या मातीचा दाब विसरणाऱ्याला पहिला पावसाळा धडा देतो. म्हणून खड्ड्याचे तोंड जमिनीपासून थोडे उंच घ्यावे, भोवती भर घालावी, पावसाचे पाणी आत शिरू देऊ नये. आणि दोन खड्ड्यांत निदान तीन-सव्वातीन फूट अंतर ठेवावे.

घरात माणसे अधिक असतील, किंवा फ्लशवाचून चालणारच नसेल, तर टाकी अवश्य बांधावी. परंतु मापाची, पक्क्या तळाची, आणि पाणी जिरवण्याच्या सोयीसह. पाणी आत येण्याच्या व बाहेर जाण्याच्या जागी इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराचे नळ बसवावेत, म्हणजे वरची साय बाहेर वाहून जात नाही. वायुनळी घराच्या छपरापेक्षा उंच न्यावी. टाकीचे पाणी जिरवण्याची जागा घरापासून २० फूट आणि पिण्याच्या विहिरीपासून निदान ६० फूट दूर असावी. दोन खड्ड्यांच्या पद्धतीत अंतर कमी चालते असे कोणी सांगेल. बारीक मातीत आणि भूजल खोल असता ते खरेही आहे. तथापि जागा असेल तर विहिरीशी काटकसर करू नये. आपल्या भागात केळीच्या बागायतीसाठी भूजलाचा उपसा पुष्कळ झाला आहे. जे पाणी उरले आहे ते राखले पाहिजे. जुनी कोरडी विहीर किंवा निकामी कूपनलिका आयती सापडली म्हणून तिच्यात मैलापाणी सोडणे हा तर आमच्या मते अपराधच होय. मातीची गाळणी टाळून ती घाण थेट भूजलात जाते.

शेवटचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. टाकी भरते तेव्हा ती कोण उपसतो? कुजणाऱ्या मैल्यातून निघणाऱ्या वायूंत हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो. थोडा असता त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. फार झाला की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. "आता वास नाही" म्हणून माणूस निर्धास्तपणे आत उतरतो, आणि त्याला काढण्यास उतरलेला दुसराही तेथेच पडतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षणाच्या साधनांवाचून माणसाला अशा टाकीत उतरवण्यास बंदी केली आहे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू पावलेल्या कामगाराच्या कुटुंबास ३० लाख रुपये भरपाई देण्याचे सांगितले. पण गेलेला माणूस भरपाईने परत येत नाही. घरमालकाने टाकी बांधतानाच ठरवावे, की हिच्यात माणूस कधीही उतरणार नाही. झाकण असे ठेवावे की नळी आत जाईल, आणि जागा अशी निवडावी की उपसण्याची गाडी जवळ येऊ शकेल. दर दोन वर्षांनी गाळ काढावा, आणि तो नाल्यात ओतला जात नाही ना, हेही विचारावे. दोन खड्ड्यांच्या संडासात हा प्रसंगच येत नाही. तेथे वाट पाहिलेल्या खताला हात लावण्यात ना धोका, ना कमीपणा.

पुष्कळदा आपण ज्याला स्वस्त म्हणतो त्याचा खर्च दुसऱ्याच्या माथी गेलेला असतो : शेजाऱ्याच्या विहिरीच्या, खालच्या आळीतल्या मुलांच्या, किंवा दोर धरून आत उतरणाऱ्या एखाद्या गरीब माणसाच्या. ज्याचा भार कोणावरही पडत नाही तेच खरे स्वस्त. नव्या घराची वास्तुशांत करण्यापूर्वी एक रात्र तो वीतभर खड्डा पाण्याने भरून ठेवावा आणि सकाळी घड्याळ घेऊन त्याच्या काठाशी बसावे, एवढीच आमची विनंती आहे.