गाठ निघाली, रक्तात काय उरलं?

शस्त्रक्रियेनं फुप्फुसातली कर्करोगाची गाठ काढली, तरी चार चुकार पेशी मागे राहिल्या का, हे सीटी स्कॅनला कळत नाही. मरणाऱ्या पेशींतले डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात; त्यातून गाठीचे तेवढे हुडकायचे, अशी ही तपासणी. तुकडे तास-दोन तासांतच निम्मे होतात, म्हणून चित्र ताजं मिळतं.

अडचण आहे प्रमाणाची. ब्रिटनमधल्या ‘ट्रेसरएक्स’ अभ्यासाचा (२०१७) अंदाज असा, की १० घनसेंटिमीटरच्या गाठीचा हजारात जेमतेम एक तुकडा सापडतो. नमुनाही नाजूक. साध्या ईडीटीए नळीत रक्त घेतलं तर काही तासांत प्लाझ्मा वेगळा करावा लागतो, नाहीतर पांढऱ्या पेशी फुटून त्यांच्याच डीएनएची भर पडते.

गाठीची जातही पाहावी लागते. त्याच अभ्यासात शस्त्रक्रियेपूर्वी स्क्वॅमस प्रकारात ९७ टक्के रुग्णांच्या रक्तात खूण मिळाली, अडेनोकार्सिनोमात फक्त १९ टक्के! त्यामुळे ‘निगेटिव्ह’ अहवाल पाहून पेढे वाटण्याची घाई नको.

शस्त्रक्रियेनंतर मात्र तपासणी कामाची वाटते. त्याच अभ्यासात आजार उलटलेल्या १४ जणांपैकी १३ जणांच्या रक्तात तो स्कॅनवर दिसण्याआधी किंवा त्याच सुमारास सापडला. या आघाडीचा मध्यक ७० दिवसांचा; कुणाची आघाडी १०, कुणाची ३४६. एवढ्या आधी कळल्यावर लगेच औषध सुरू केल्यानं आयुष्य वाढतं का, हे अजून पक्कं ठरलेलं नाही. ठरलेल्या तारखांचे स्कॅन चुकवू नयेत. रक्तात तुकडे कमी, म्हणून औषध निवडण्यासाठीची ईजीएफआर जनुकाची तपासणीही शक्यतो काढलेल्या गाठीवरच करून घ्यावी.