भीमाशंकरचं डोक्यावरचं जंगल

मंचरहून घोडेगाव, मग डिंभ्याचं धरण मागे टाकून गाडी वर चढू लागते. बराच वेळ उघडे डोंगर आणि भातखाचरं सोबत करतात आणि शेवटच्या टप्प्यात सावली एकदम दाट होते. भीमाशंकरला पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पुढचे सात-आठ महिने मात्र जवळजवळ कोरडे. तरीही अंजन, जांभूळ, पारजांभूळ हे सदाहरित वृक्ष इथे टिकून आहेत. सह्याद्रीच्या धारेवरचं धुकं आणि फांद्यांनी फांद्यांना धरून केलेलं छप्पर यांच्या आधारावर.

या छपरावर शेकरू नावाची मोठी खार राहते. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी सहसा जमिनीवर उतरत नाही. मागच्या पायांनी फांदीला लटकायचं, लांब झुबकेदार शेपटीने तोल सांभाळायचा आणि पुढच्या दोन्ही पायांत फळ धरून कुरतडायचं, ही त्याची जेवायची रीत. काटक्या-पानांची गोल घरटी ते बारीक फांद्यांच्या टोकाशी बांधतं, म्हणजे जड शिकारी तिथवर पोहोचत नाही. एक घरटं करून ते थांबत नाही, अनेक बांधतं.

त्या घरट्यांमध्ये संशोधकांना वेगळंच काही सापडलं. हेमा सोमनाथन, सुभाष माळी आणि रेनी बोर्जिस यांनी 2007 मध्ये लिहिलं, की इथली शेकरं बियांचा साठा करतात, तोही झाडावरच. अडीअडचणीसाठी कोठार भरणं ही थंड प्रदेशातल्या खारींची सवय म्हणून आपल्याला ठाऊक. उष्ण प्रदेशात ती अपूर्वाईची. पण वर्षाचे सात-आठ महिने पाऊस नसलेल्या जंगलाचं गणित वेगळं असतं, असं मला वाटतं.

रात्री याच जंगलात आणखी नवल घडतं. वारस नावाच्या झाडाची पांढरी फुलं अंधारात उमलतात आणि त्यांच्याकडे एक मोठा सुतारभुंगा येतो. त्याच्या डोळ्यांची रचना दिवसा उडणाऱ्या मधमाश्यांसारखीच, म्हणजे खरं तर उजेडाची. तरीही चंद्र नसलेल्या रात्री, नुसत्या तारकांच्या उजेडात त्याला रंग ओळखता येतात, हे 2008 मध्ये प्रयोगांनी सिद्ध झालं. एवढ्या अंधारात माणसाला सगळं करडंच दिसतं. हा भुंगा वाळक्या, मेलेल्या लाकडात भोक पाडून घर करतो. मेलेलं झाड म्हणजे निरुपयोगी झाड, ही आपली समजूत भीमाशंकरने खोटी पाडली आहे.

1985 मध्ये जाहीर झालेलं भीमाशंकर अभयारण्य जेमतेम 130 चौरस किलोमीटरचं. पुणे, रायगड आणि ठाणे जिल्ह्यांत पसरलेलं. इथले महादेव कोळी हिरडा गोळा करून, उन्हात वाळवून विकतात. झाड उभं राहिलं तरच त्यांचं उत्पन्न उभं राहतं. शेकरूचंही तसंच. रस्ता रुंद करताना दोन बाजूंच्या फांद्या एकमेकींपासून तुटल्या, की शेकरूच्या वाटेत दरी पडते. सहा मीटरपर्यंतची उडी ते मारू शकतं, त्यापलीकडे नाही.

श्रावणात किंवा महाशिवरात्रीला दर्शनाला जाल तेव्हा गाडी खालीच ठेवा, एसटीने वर जा. शेकरूला बिस्किटं देऊ नका आणि शेकोटीसाठी वाळकं खोड तोडू नका.